रिकामा कंस

नाशिकजवळच्या एका शीतगृहात द्राक्षांच्या पेट्यांवर नजर ठेवायला आमचं एक छोटं यंत्र बसवलेलं होतं. भिंतीवर पांढरा डबा, आत ६४ बिटचा आर्म प्रोसेसर, त्यावर लिनक्स, आणि लिनक्सच्या पोटात आम्ही लिहिलेला ड्रायव्हर. प्रत्येक खोलीतल्या सेन्सरकडून तापमान घ्यायचं आणि पुढे पाठवायचं, एवढंच त्याचं काम. दोन हंगाम ते बिनतक्रार चाललं. तिसऱ्या हंगामाआधी आम्ही सॉफ्टवेअर अपडेट पाठवलं, तेव्हाही काही झालं नाही. मग मालकांनी नवी खोली बांधली, तिथे आठवा सेन्सर लावला, आणि त्याच रात्रीपासून डबा आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला.

लॉग मागवले. दर वेळी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, वेगळ्याच ठिकाणी कोसळलेला. एकदा नेटवर्कच्या कोडमध्ये, एकदा फाइल सिस्टिममध्ये, एकदा तर टायमरमध्ये. आमच्या ड्रायव्हरचं नाव कुठेच नाही. कर्नलवर काम केलेल्या माणसाला हे लक्षण लगेच ओळखू येतं: कुणीतरी दुसऱ्याच्या मेमरीत लिहितंय, आणि जो कोसळतोय त्याचा काही दोष नाही.

लिहिणारा कोड माझा होता. दोन महिन्यांपूर्वी मी एका ओळीतला एक आकडा पुसला होता. ओळीच्या शेवटी चौकटी कंस होता, त्यात १ होता. मी कंस रिकामा केला. तेव्हा मुख्य लिनक्समध्ये हेच काम जोरात चालू होतं, ते मी रोज वाचत होते, आणि आपल्या ड्रायव्हरमध्येही ते व्हायला हवं असं मनापासून वाटलं होतं. आजही वाटतं. पण तो एक आकडा पुसायला किती वाचावं लागतं, हे मला त्या आठव्या सेन्सरनं शिकवलं.

आधी तो १ तिथे कशाला होता ते सांगते.

सी भाषेत स्ट्रक्चर म्हणजे मेमरीचा आखून घेतलेला तुकडा. पहिले चार बाइट यासाठी, पुढचे आठ त्यासाठी, असं ठरलेलं. पण कर्नलमध्ये पदोपदी अशी गरज पडते की वर ठरावीक माहिती आणि शेवटी यादी, आणि यादी किती लांब ते आधी ठाऊक नाही. आमच्या स्ट्रक्चरमध्ये वर १६ बाइटची माहिती होती आणि खाली सेन्सरच्या नोंदी, एकेक नोंद १६ बाइटची. सेन्सर तीन असोत की तीस. अशा यादीसाठी १९८९च्या प्रमाण सी मध्ये सोयच नव्हती. अ‍ॅरे (सारख्या नोंदींची रांग) जाहीर करायचा तर त्याची लांबी सांगायलाच हवी, आणि शून्य लांबी चालत नाही. म्हणून लोकांनी कंसात १ लिहायला सुरुवात केली. लिहायचं एक, मेमरी घेताना जास्त घ्यायची, आणि मग त्या एकाच्या पुढे बिनधास्त जात राहायचं. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या कंपायलरनं, म्हणजे कोडाचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामनं, स्वतःची सवलत म्हणून शून्यही चालवून घेतलं, तेव्हा काहींनी ० लिहिलं. सी भाषा ज्यांनी घडवली त्या डेनिस रिची यांनीच या युक्तीला भाषेच्या अंमलबजावणीशी केलेली नको इतकी सलगी म्हटलं होतं.

१९९९च्या प्रमाणानं, म्हणजे सी९९नं, हा प्रश्न सोडवला. शेवटच्या अ‍ॅरेचा कंस रिकामा ठेवा. त्याचा अर्थच असा की लांबी चालवताना ठरेल. याला फ्लेक्सिबल अ‍ॅरे मेंबर म्हणतात. पण लिनक्स १९९१ पासून लिहिला जातोय. तोवर साचलेल्या कोडात १ आणि ० सर्वत्र होते, आणि नवीन माणसं जुन्याचं पाहून तसंच लिहीत राहिली.

भावाच्या लग्नाच्या वेळी बाबा पत्रिकांवर नावं घालत बसले होते. कोपऱ्याला कुंकू लावलेल्या पत्रिकांचा एक गठ्ठा, आणि शेजारी वहीत यादी. बाबा नुसतं ‘श्री.’ आणि नाव लिहीत होते. आई म्हणाली, “अहो, सहकुटुंब लिहा ना.” बाबा म्हणाले, “त्यांना काय माहीत नाही का, सगळ्यांनी यायचंय ते?” आईचं उत्तर मला अजून आठवतं. “त्यांना माहीत आहे हो. आचारी यादी मोजणार आहे, त्याला कोण सांगणार?”

कंसातला १ हा तसा आहे. लिहिणाऱ्याला माहीत असतं, वाचणाऱ्या अनुभवी माणसाला माहीत असतं, आणि पानं मोजणाऱ्या कंपायलरला कुणीच सांगितलेलं नसतं.

याचे परिणाम फार खोल जातात. कंपायलर मेमरीची राखण करू शकतो. एखाद्या अ‍ॅरेत १६ बाइट मावतात आणि तुम्ही २० कॉपी करताय, हे तो काही वेळा कोड बांधतानाच सांगतो, आणि कर्नलमधल्या फोर्टिफाय या सोयीमुळे काही वेळा चालू असतानाही थांबवतो. पण स्ट्रक्चरच्या शेवटी असलेल्या अ‍ॅरेबाबत कंपायलरनं वर्षानुवर्षं हात वर केले होते. १ म्हणजे खरंच एक की यादी, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. आणि काही जण तर ४ किंवा ८ लिहूनही पुढे जात. तेव्हा त्यानं सरसकट ठरवून टाकलं: शेवटी कुठलाही अ‍ॅरे असो, त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. म्हणजे ज्यानं प्रामाणिकपणे १६ लिहिलं आणि ज्याला खरोखर १६च हवे होते, त्याच्या अ‍ॅरेलाही राखण मिळेना. हे मला या सगळ्या विषयातलं सर्वात दुखरं टोक वाटतं. काहींनी आकडा खोटा लिहिला म्हणून खऱ्या आकड्यांची पत गेली, आणि त्या पत गेलेल्या जागांतून बाहेरच्या माणसाला आत शिरायला वाट मिळते. कर्नलमध्ये बफर ओव्हरफ्लो झाला, म्हणजे आखलेल्या जागेपलीकडे लिहिलं गेलं, की अख्खी मशीन हातात दिल्यासारखं.

कर्नल सेल्फ प्रोटेक्शन प्रोजेक्ट नावाची खटपट २०१५ मध्ये कीस कुक यांच्या पुढाकारानं सुरू झाली. एकेक चूक सापडली की दुरुस्त करण्याऐवजी चुकांचा एखादा प्रकारच कर्नलमधून हद्दपार करायचा, हा तिचा विचार. त्यातलं अ‍ॅरेचं काम मुख्यतः गुस्ताव्हो सिल्वा यांनी उचललं. एकेक ड्रायव्हर, एकेक फाइल, वर्षानुवर्षं. मी त्यांचे पॅच, म्हणजे कोडातले बदल, वाचत आले आहे. बरेचसे एका ओळीचे: एक ओळ वजा, एक ओळ अधिक, फरक फक्त कंसातल्या आकड्याचा.

त्यांच्या कित्येक पॅचच्या टिपणात एकाच जुन्या दुरुस्तीचा दाखला येतो, तो बघण्यासारखा आहे. सीएक्सजीबी३ नावाच्या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये एका स्ट्रक्चरच्या शेवटी शून्य लांबीचा अ‍ॅरे होता. २०११ मध्ये एका वेगळ्याच दुरुस्तीसाठी कुणीतरी त्या स्ट्रक्चरला एक नवा घटक जोडला, आणि साहजिकच तो शेवटी, म्हणजे अ‍ॅरेच्या नंतर, जोडला. शून्य लांबीचा अ‍ॅरे जागा घेतच नाही, तेव्हा यादीची पहिली नोंद आणि हा नवा घटक एकाच जागेवर येऊन बसले. कंपायलर गप्प, कारण ० म्हणजे यादी आहे हे त्याला कुठे माहीत होतं? हे २०१९ मध्ये लक्षात आलं. आठ वर्षं! कंस रिकामा असता तर तो घटक जोडल्याक्षणी कंपायलरनं अडवलं असतं, कारण रिकाम्या कंसाचा अ‍ॅरे शेवटीच असला पाहिजे हा भाषेचाच नियम आहे.

आता माझ्या चुकीकडे येते.

० काढून कंस रिकामा करणं तुलनेनं सोपं. शून्य लांबीचा अ‍ॅरे जागा घेत नव्हता, रिकाम्या कंसाचाही घेत नाही, स्ट्रक्चरचा आकार तोच राहतो. असे बदल कोचिनेल नावाच्या हत्यारानं पुष्कळसे यंत्रवत करता येतात. तुम्ही बदलाचा नमुना लिहून द्यायचा, ते अख्ख्या कोडात तसे आकार शोधून बदलतं. १ची गोष्ट निराळी. १ खरोखर एका नोंदीची जागा धरतो. आमचं स्ट्रक्चर ३२ बाइटचं होतं: १६ वरचे आणि १६ त्या एका नोंदीचे. म्हणून जागा घेताना सगळीकडे हिशेब असा असायचा: स्ट्रक्चरचा आकार, अधिक (संख्या उणे एक) गुणिले नोंदीचा आकार. एक आधीच धरलेली आहे, म्हणून उणे एक.

कंस रिकामा केला की स्ट्रक्चर १६ बाइटचं होतं, आणि तो उणे एक चुकीचा ठरतो. यंत्र सुरू होताना जिथे जागा घेतली जाते तिथला मी काढला. पण सेन्सरची संख्या बदलली की नव्यानं जागा घेणारी दुसरी वाट वेगळ्या फाइलमध्ये होती. तिथला तसाच राहिला. मी १ला ० समजून वागले होते.

मग सात सेन्सरपर्यंत काही का झालं नाही? हा भाग मी कागदावर मांडला तेव्हा अंगावर काटा आला होता. कर्नलमधलं मेमरी वाटणारं केमॅलॉक तुम्ही मागाल तेवढेच बाइट देत नाही. त्याच्याकडे ठरावीक मापाचे डबे असतात, तुमची मागणी ज्यात बसेल तो डबा मिळतो. ६४ बिटच्या आर्मवर त्या काळच्या कर्नलमध्ये सर्वात लहान डबा १२८ बाइटचा होता. सात सेन्सर: माझ्या चुकीच्या हिशेबानं मागणी ११२ बाइट, खरी गरज १२८, मिळाला १२८चा डबा. काठोकाठ भरला, पण मावला. आठ सेन्सर: मागणी १२८, डबा १२८चा, गरज १४४. शेवटची नोंद अख्खीच्या अख्खी शेजारच्या डब्यात. शेजारी कधी नेटवर्कचा डबा, कधी फाइल सिस्टिमचा.

आमच्या टेबलावर चाचणीसाठी सहा सेन्सर होते.

चूक सरांनी शोधली. ते निवृत्तीला आलेले, सी भाषा तिच्या तरुणपणापासून लिहिलेले. त्यांनी केसॅन चालू करून कर्नल पुन्हा बांधायला लावला. केसॅन म्हणजे मेमरीच्या प्रत्येक वापरावर नजर ठेवणारी सोय. कर्नल बराच मंदावतो, पण डबा काय मापाचा मिळाला याच्याशी तिला देणंघेणं नसतं, तुम्ही काय मागितलं होतं ते ती लक्षात ठेवते. आठ तर सोडाच, पाच सेन्सरवरच लॉगमध्ये ओरड झाली. सरांनी ओळ नंबर पाहिला, फाइल उघडली आणि शांतपणे म्हणाले, “अगं, हा उणे एक अजून इथे कसा?”

मी म्हटलं, “सर, माझ्याकडून राहिला. पण मुळात तो १च नसता तर…”

“खरं आहे,” ते म्हणाले. “तो १ मी लिहिलाय. पंधरा वर्षांपूर्वी. त्याच्यासोबतचे हे सगळे उणे एकही माझेच.”

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून ड्रायव्हरमधले सगळे हिशेब काढले. नुसते दुरुस्त केले नाहीत, हातानं केलेला गुणाकारच घालवला. कर्नलमध्ये २०१८ पासून स्ट्रक्ट_साइझ नावाची सोय आहे. तिला स्ट्रक्चरचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता), अ‍ॅरेचं नाव आणि संख्या सांगायची, आकार ती काढते. गुणाकार फार मोठा होऊन आकडा उलटा फिरायची वेळ आली तर ती शक्य तितका मोठा आकडा देते, म्हणजे मेमरीची मागणीच नाकारली जाते. कमी जागा मिळून काम पुढे रेटलं जात नाही. आणि आणखी एक गोष्ट मला फार आवडते. रिकाम्या कंसाच्या अ‍ॅरेवर कुणी साइझऑफ लावला, म्हणजे त्याचा आकार विचारला, तर कंपायलर चक्क नकार देतो. ० असताना तो निमूटपणे शून्य सांगायचा, १ असताना एका नोंदीचा आकार. दोन्ही उत्तरं निरुपयोगी, पण उत्तरं होती. आता तो सांगतो की हा प्रश्नच चूक आहे.

या कामाला विरोध करणारी माणसं होती आणि आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला पोरकट वाटत नाही. चालू कोडात एका आकड्यासाठी हात घालायचा, ओळीचा इतिहास पाहायला गेलं की मूळ लेखकाऐवजी साफसफाई करणाऱ्याचं नाव यायचं, जुन्या आवृत्त्यांसाठी दुरुस्त्या मागे नेताना पॅच बसायचे नाहीत. आणि माझ्यासारखीचा उणे एक राहून जायचा. हे सगळं खरं आहे. पण जोवर कर्नलमध्ये असा एकही अ‍ॅरे उरतो तोवर कंपायलरला कडक होता येत नाही, हेही तितकंच खरं. इथे अर्धं काम करून अर्धा फायदा मिळत नाही.

जीसीसी (तोच जीएनयूचा कंपायलर) १३ आणि क्लँग १६ या २०२३च्या कंपायलरांत एक पर्याय आला: शेवटच्या अ‍ॅरेबाबत किती कडक राहायचं ते शून्य ते तीन असं सांगा. तीन म्हणजे फक्त रिकामा कंस हीच यादी, बाकी प्रत्येक आकडा जसा लिहिलाय तसाच धरायचा. त्याच वर्षी लिनक्स ६.५ मध्ये अख्ख्या कर्नलसाठी तीन चालू झालं. त्या क्षणी कर्नलमधल्या, शेवटी बसलेल्या प्रत्येक प्रामाणिक १६ला आणि ३२ला पत परत मिळाली. ज्यांचा यादीशी काही संबंध नव्हता अशा अ‍ॅरेंना! ती बातमी वाचली तेव्हा मी सरांना फोन केला होता. ते निवृत्त झाले होते तोवर. “चला,” एवढंच म्हणाले, पण आवाजावरून कळलं.

हे सगळं दूरचं वाटू नये म्हणून एक छोटी गोष्ट सांगते. लिनक्सवर एलएस लिहून फोल्डरमधल्या फाइलींची नावं पाहता, तेव्हा कर्नल प्रत्येक नावासाठी एक स्ट्रक्चर भरून देतो. वर फाइलचा क्रमांक, पुढची जागा, नोंदीची लांबी, प्रकार, हे मिळून १९ बाइट. आणि शेवटी नाव, रिकाम्या कंसात. कारण नाव केवढं ते कोण सांगणार? फाइलीचं नाव रोमन लिपीत ‘पुणे’ असेल तर अक्षरं चार, बाइट चार, आणि शेवटच्या शून्यासह आठच्या पटीत बसवून नोंद २४ बाइटची. तेच नाव देवनागरीत लिहा. प, उकार, ण, मात्रा: यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट, एकूण बारा, आणि नोंद ३२ची. माझ्या घरच्या संगणकावर आईच्या पाककृतींच्या फाइलींना मराठी नावं आहेत. ती यादी पडद्यावर उतरते तेव्हा त्या रिकाम्या कंसात ‘उकडीचे मोदक’ मावतं. याच कामासाठी जुन्या प्रोग्रामना लागणारं आणखी एक स्ट्रक्चर आहे, त्याच्या शेवटी १ होता. तो २०२३ मध्ये गेला.

काही १ मात्र जाऊ शकत नाहीत. कर्नल आणि बाहेरचे प्रोग्राम यांच्यात जी स्ट्रक्चरं जातात-येतात, त्यांचा आकार म्हणजे दिलेला शब्द. कुणीतरी वीस वर्षांपूर्वी बांधलेला प्रोग्राम त्याच आकारावर विसंबून आहे, त्याचा उणे एक आपल्या हातात नाही. मल्टिकास्टच्या, म्हणजे नेटवर्कवर एकाच वेळी अनेकांना जाणाऱ्या संदेशांच्या, गाळणीसाठी असलेल्या अशा एका स्ट्रक्चरमध्ये २०२१ साली वेगळा मार्ग काढला गेला: १ तिथेच ठेवला, आणि युनियन (एकाच जागेला दोन नावं देणारी सीची सोय) करून त्याच जागेवर रिकाम्या कंसाचा दुसरा अ‍ॅरे बसवला, नव्या नावानं. बाहेरच्यांना जुनं नाव, आतल्या कोडाला नवं. हे मला आवडतं. जुन्या माणसाला उठवलं नाही, त्याच्या शेजारी पाट मांडला.

आता पुढचं पाऊल चालू आहे. रिकामा कंस सांगतो की यादी आहे. किती आहे ते सांगत नाही. पण ती संख्या बहुतेक वेळा त्याच स्ट्रक्चरमध्ये वर कुठेतरी असतेच. काउंटेड_बाय ही नवी खूण त्या दोघांची गाठ घालते: या अ‍ॅरेची लांबी त्या घटकात आहे. कर्नलमध्ये ही खूण ६.६ पासून आहे, क्लँग १८ आणि जीसीसी १५ ती ओळखतात. पत्रिकांच्या वहीत नावापुढे आईनं एक रकाना आखला होता, ‘माणसे’ म्हणून, तो मला इथे आठवतो. या खुणेची एक अट आहे: अ‍ॅरेला हात लावण्याआधी संख्या भरलेली हवी. आधी नोंदी भरून मग संख्या वाढवायची सवय असेल तर कंपायलर म्हणणार, यादी तर शून्याची आहे, तुम्ही लिहिताय कुठे? तेव्हा परत एकदा प्रत्येक फाइल उघडायची आणि क्रम वाचायचा.

सध्या तेच करते आहे. आमच्या ड्रायव्हरमध्ये बाहेरच्या प्रोग्रामला दिलेला एक १ शिल्लक आहे, तो तसाच राहील, शेजारी युनियन आहे आणि वर चार ओळींचं टिपण आहे, का ठेवलाय ते सांगणारं. बाकी सगळे कंस रिकामे झाले. परवा सेन्सरच्या यादीवर काउंटेड_बाय लावलं, संख्या भरायची ओळ दोन्ही वाटांवर वर नेली, केसॅन चालू करून कर्नल बांधला. टेबलावर आता बारा सेन्सर आहेत. एकेक जोडत गेले. सहा, सात. आठवा जोडताना वायर घट्ट बसली का ते दोनदा दाबून पाहिलं, आणि रात्रभर लॉग चालू ठेवून घरी गेले.